घरट्यातली चपटी चकती: विणकर मुंग्या आणि त्यांची पिल्लं खाणारं फुलपाखरू

प्रश्न थोडक्यात असा: आंबा-काजूच्या बागेत कीड आटोक्यात राहावी म्हणून विणकर मुंग्या मुद्दाम राखल्या आहेत. यंदा काही झाडांवर त्यांची वर्दळ कमी वाटली, म्हणून दोन-तीन घरटी फोडून पाहिली. आत पानाला घट्ट चिकटलेल्या तपकिरी, चामड्यासारख्या चपट्या चकत्या निघाल्या. नखाने सुटत नाहीत, मुंग्या त्यांच्या अंगावरून खुशाल चालतात. ही फुलपाखराची अळी आहे असं कुणीतरी सांगितलं. खरं का? झाडाला धोका आहे का? फवारणी करावी का? आणि एक अळी बरणीत ठेवली आहे, तिचं काय करू?

अळी फुलपाखराचीच आहे. तुमच्या झाडाचं एक पानही ती खात नाही. फवारणी अजिबात नको. मुंग्या कमी होण्याचं मूळ बहुधा तिच्यात नाही, ते दुसरीकडे शोधावं लागेल. कुठे ते पुढे येईलच. तोवर एक विनंती, आणखी घरटी फोडू नका. या अळीपायी मी स्वतः एकदा भरभराटीला आलेली वसाहत मातीत घातली आहे.

आधी ओळख. हिचं शास्त्रीय नाव लिफायरा ब्रासोलिस. वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1864 मध्ये तिचं वर्णन केलं. कुळ लायसेनिडी, म्हणजे गवतावर भिरभिरणारी नखाएवढी निळी फुलपाखरं ज्या कुळातली, तेच. पण त्या कुळात हे फुलपाखरू म्हणजे पैलवान. अंगाने जाड, रंगाने नारिंगी-तपकिरी, त्यावर काळे पट्टे, आणि पंख पसरले की सात-आठ सेंटिमीटर सहज भरतील. उडतं संध्याकाळी, अंधार पडता पडता. म्हणूनच इंग्रजीत त्याला मॉथ बटरफ्लाय म्हणतात आणि पाहणारेही बहुतेक वेळा त्याला पतंग समजून सोडून देतात. भारतापासून आग्नेय आशिया, न्यू गिनी ते उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर आहे. जिथे आशियाई विणकर मुंगी, तिथेच हे. त्या मुंगीशिवाय त्याचा संसार होत नाही.

ते सहसा दिसत नाही याला आणखी एक कारण आहे. या फुलपाखराची सोंड खुरटलेली असते. ते फुलांवर येत नाही, मध पीत नाही. आयुष्यभराची शिदोरी अळी असतानाच, मुंग्यांच्या घरट्यात बसून, मुंग्यांच्या पिल्लांवर गोळा केलेली असते. फुलपाखरू झाल्यावर उरतं ते जोडीदार गाठणं आणि अंडी घालणं. मुंग्यांचा राबता असलेल्या झाडाच्या खोडावर किंवा फांदीच्या खालच्या अंगाला मादी अंडी चिकटवते. पुढचा प्रवास अळीने करायचा.

आता ती चकती नीट पाहा. तुमच्याकडे बरणीत आहेच, तर बरणीच्या बाहेरून, खालच्या बाजूने पाहा. वरून जी निव्वळ कातडी ढाल दिसते, तिच्याखाली डोकं आणि पाय लपलेले असतात. ढालीची कड बारीक आणि लवचिक असते, पानाच्या उंचसखलपणाप्रमाणे बसते. मी एकदा अशी अळी पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत ठेवून वर दहा-बारा मुंग्या सोडल्या होत्या. मुंग्यांनी कडेला जबडे लावले आणि ते घसरले. पुन्हा लावले, पुन्हा घसरले. एक मुंगी पाठीवर चढून पोट वाकवून आम्ल सोडत होती, पण अळी ढिम्म. मी चिमट्याने उचलायला गेलो तर अळीऐवजी बशीच वर आली. मग बशीत मुंग्यांची दोन-तीन पिल्लं ठेवली. बराच वेळ काही नाही. नंतर ढालीची पुढची कड दुकानाचं शटर चार बोटं वर करावं तशी किंचित उचलली गेली, जवळचं पिल्लू आत ओढलं गेलं, शटर खाली. पाठीवर पहारा करत उभ्या असलेल्या मुंग्यांना खाली काय चाललंय याचा पत्ता नाही.

ही ढाल साधी जाड कातडी नाही. जाड कातडीची अडचण अशी की अंग वाढलं, वाकलं की ती तडकते किंवा चालू देत नाही. या अळीच्या अंगावरचे केस चपटे होऊन खवल्यांसारखे एकमेकांवर बसलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते माशाच्या किंवा खवल्या मांजराच्या अंगासारखं दिसतं. त्यामुळे चिलखत टणकही राहतं आणि वाकतंही. पोटाकडची बाजू मात्र मऊ, पांढुरकी. अळीला उलटं करून मुंग्यांत टाकलं तर तिची धडगत नाही. हे लक्षात ठेवा, बरणीतल्या अळीच्या वेळी कामाला येईल.

ती नेमकं काय खाते आणि त्याने मुंग्यांचं काय बिघडतं, हे समजायला विणकर मुंग्यांचं घर कसं चालतं ते पाहावं लागेल. कोकण-गोव्यात ज्यांना हुमले म्हणतात त्या याच. कामकरी मुंग्या रांगेने पानाची कड धरून ओढतात, दोन पानांत अंतर जास्त असेल तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात, आणि कडा जुळल्या की दुसऱ्या मुंग्या घरट्यातून मोठी झालेली पिल्लं तोंडात धरून आणतात. त्या पिल्लांच्या तोंडातून रेशीम निघतं. मुंगी पिल्लाला या पानावरून त्या पानावर टेकवत नेते, अगदी विणकराच्या हातातल्या धोट्यासारखं. म्हणजे घर शिवतात ती पिल्लं. मोठ्या मुंग्या फक्त धोटा चालवतात. या जातीच्या पिल्लांनी आपलं सगळं रेशीम घराला दिलेलं असतं, म्हणून स्वतःभोवती कोष करायला त्यांच्याकडे काही उरत नाही. इतर कित्येक मुंग्यांचे कोष कागदी आवरणात असतात. यांची पिल्लं आणि कोषावस्थेतले जीव उघडेच पडलेले असतात. खाणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं!

दुसरी गोष्ट बागायतदाराच्या जास्त कामाची आहे. मोठ्या कामकरी मुंगीचं स्वतःचं पोट बरंचसं गोडावर चालतं. तुडतुडे, ढेकूण, अळ्या, भुंगेरे असं जे भक्ष्य त्या मारून आणतात, त्यातली प्रथिनं मुख्यतः वाढत्या पिल्लांसाठी लागतात. घरात खाणारी तोंडं जितकी जास्त, तितकी शिकार जोरात. तुमच्या बागेचं संरक्षण हे खरं तर त्या पिल्लांच्या भुकेचं उत्पन्न आहे. तेव्हा पिल्लं खाणारी अळी बागेच्या मुळावर येते, हा तुमचा तर्क चुकीचा नाही. चूक असेल तर प्रमाणाची.

आणि प्रमाणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. विणकर मुंग्यांची एक वसाहत म्हणजे एक घरटं नव्हे. मोठी वसाहत अनेक झाडांवर पसरते, घरटी शंभराच्या पुढे जाऊ शकतात आणि कामकरी मुंग्या लाखांत. एवढ्या पसाऱ्यात चार-सहा घरट्यांत एकेक-दोन-दोन अळ्या म्हणजे मोठ्या वाड्यात मुक्काम ठोकलेला खादाड पाहुणा. ज्या खोलीत तो आहे तिथलं ताट रिकामं होतं, हे खरं. अळी असलेलं घरटं उघडलं तर पिल्लं शेजारच्या घरट्यांपेक्षा विरळ दिसतात, शिवणही जुनाट वाटते. पण वाडा त्याने ओस पडत नाही. उलट इतक्या खाणाऱ्या अळीला पोसायला वसाहतीत सतत पिल्लं निपजावी लागतात. दुबळ्या, मरणाला टेकलेल्या वसाहतीत मला ती क्वचितच सापडली आहे. अळी दिसली की मी मनातल्या मनात टिपून ठेवतो, निदान काही महिने तरी इथे बरकत होती.

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण तिला तंतोतंत लागू पडते असं वाटेल, पण नागोबा बिळात नुसता राहतो. ही घर वापरते, घरातली पोरं खाते आणि शेवटी घरमालकाच्या तोंडाला पांढरं फासून निघून जाते. शब्दशः! कोष करण्याची वेळ आली की अळी जुनी कातडी टाकत नाही. तीच कातडी टणक होते आणि आत, चिलखताच्या पेटीत, कोष तयार होतो. माश्यांमध्ये ही पद्धत सर्रास, फुलपाखरांमध्ये विरळा. फुलपाखरू बाहेर पडताना पेटी फुटते आणि ते मुंग्यांच्या गराड्यात उभं राहतं: मऊ, ओलं, पंख चुरगळलेले, चिलखत मागे राहिलेलं. मुंग्या तुटून पडतात. पण त्याच्या अंगावर, पायांवर, पंखांवर सैल पांढुरक्या खवल्यांचा जाड थर असतो. मुंगीने चावा घेतला की तोंडात फुलपाखराऐवजी खवल्यांचा बुकणा येतो. तो जबड्यांना, मिशांना चिकटतो. मुंगीला मिशा साफ केल्याशिवाय काही सुचत नाही. ती तिथेच थांबून मिशा पुसत बसते. तेवढ्यात हे महाशय घरट्याबाहेर. बाहेर येऊन सुरक्षित जागी लटकायचं आणि मग पंख पसरायचे. उत्तर ऑस्ट्रेलियात एफ. पी. डॉड या कीटकसंग्राहकाने 1902 मध्ये हा सगळा जीवनक्रम लिहून ठेवला. फाटक्या घरट्यासमोर, चावे सोसत बसून त्याने हे पाहिलं असणार. त्या मुंग्यांचा चावा ज्याने खाल्लाय त्याला या कामाची किंमत कळेल. या मुंग्यांना नांगी नसते. त्या चावतात आणि त्याच जखमेत पोटातलं आम्ल सोडतात.

आता तुमच्या चकत्या नक्की याच का, हे तपासून घ्या, कारण मुंग्यांच्या घरात भाडेकरू पुष्कळ. मायक्रोडॉन नावाच्या माशीच्या अळ्याही अशाच घुमटाकार, बिनपायी दिसतात. त्या इतक्या फसव्या की एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी त्यांची नोंद चक्क गोगलगायीच्या जातभाई म्हणून केली. पण त्या प्रामुख्याने जमिनीतल्या किंवा कुजक्या लाकडातल्या मुंग्यांकडे असतात. तुमची चकती झाडावर, शिवलेल्या हिरव्या पानांच्या घरट्यात आहे आणि पोटाखाली तीन जोड्या खरे पाय आहेत, म्हणजे प्रश्न मिटला. कॉस्मोफॅसिस बिटेनिआटा नावाचा एक उड्या मारणारा कोळी आहे. तो या मुंग्यांच्या अंगाचा वास स्वतःला लावून घेतो आणि छोट्या मुंग्यांच्या तोंडातली पिल्लं अलगद काढून घेतो. ऑस्ट्रेलियात त्याचा अभ्यास झाला आहे. कोळी मात्र चकतीसारखा दिसणार नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो घरट्याबाहेर, कोवळ्या पानांवर दिसणाऱ्या अळ्यांचा. त्यांच्याभोवती मुंग्या घुटमळत असतात, मिशांनी त्यांना गोंजारतात. त्याही याच लायसेनिडी कुळातल्या. अँथिन इमोलस हे त्यातलं चांगलं अभ्यासलेलं उदाहरण. त्या पानं खातात, पाठीवरच्या ग्रंथीतून मुंग्यांना गोड थेंब देतात आणि बदल्यात संरक्षण घेतात. हा सरळ व्यवहार झाला. एकाच कुळात एक जण दूध घालून राखण विकत घेतो आणि दुसरा राखणदाराचीच पोरं खातो. कुणी सरसकट ‘मुंग्यांबरोबर राहणारी फुलपाखरं’ म्हणून दोघांना एकाच माळेत ओवलं तर त्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा.

आफ्रिकेत विणकर मुंगीची दुसरी जात आहे, इकोफिला लाँगिनोडा. तिच्या घरट्यात युलिफायरा नावाची फुलपाखरं असतात, लिफायराची जवळची नातेवाईक. त्यांच्या अळ्यांचा धंदा आणखी वेगळा: त्या भिक्षेकरी आहेत. मुंग्या एकमेकींना तोंडातून घास भरवतात, तिथे मध्येच तोंड घालून घास मिळवायचा आणि आणलेली शिकारही लाटायची. मुंग्यांनी घरटं बदललं तर या अळ्या मुंग्यांच्या वासाच्या वाटेने चालत नव्या घरी पोहोचतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. मुंग्यांच्या पाऊलवाटेवरून चालणारी फुलपाखराची अळी! इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं.

युरोपातल्या लार्ज ब्लू फुलपाखराची गोष्ट तुम्ही वाचली असेल, आणि तिथूनच ‘दुर्मीळ जीव आहे, मारू नका’ असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. त्या फुलपाखराची अळी मुंगीला फसवून तिच्याकडूनच स्वतःला उचलून बिळात नेववते आणि आत पिल्लं खाते. ब्रिटनमधून ते 1979 मध्ये नाहीसं झालं. नेमकी एकाच जातीची लाल मुंगी त्याला लागते आणि ती मुंगी फक्त गुरांनी चरून आखूड ठेवलेल्या, उन्हाने तापणाऱ्या गवतात टिकते, हे शास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी शोधेपर्यंत उशीर झाला होता. पुढे 1983 पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा रुजवलं गेलं. गोष्ट मोठी आहे, पण ती कुरणांची. तुमच्या बागेला त्यातून घेण्यासारखं एकच: फुलपाखराचं नशीब मुंगीच्या तब्येतीला बांधलेलं असतं. मुंगी सांभाळा, बाकीचं तिचं ती पाहील.

आता माझ्या चुकीबद्दल. या कामात नवा होतो तेव्हा एका बागेत तुमच्यासारखीच तक्रार होती. मी चकत्या पाहिल्या आणि चोर सापडला म्हणून खूश झालो. राखेत हात घोळवले, शिडी लावली आणि दोन संध्याकाळी पंधरा-वीस घरटी कापून, झटकून अळ्या वेचल्या. माणसं कौतुकाने बघत होती. दोन-तीन महिन्यांत त्या झाडांवरच्या रांगा विरळ होत होत थांबल्या. कापलेल्या घरट्यांत राणीचं घरटं होतं. बहुतेक वसाहतींत राणी एकच असते आणि ती शेंड्याकडच्या एखाद्या घट्ट, साधारण दिसणाऱ्या घरट्यात असते. बाहेरून पाटी लावलेली नसते. राणी गेली की कामकरी मुंग्या काही काळ अंडी घालतात, पण त्यातून फक्त नर निपजतात. शिकार करणारी नवी पिढी येत नाही आणि वसाहत म्हातारी होऊन विझते. एका खादाड पाहुण्याला हाकलायला मी घराचा वासाच काढला होता. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात, तसं नेमकं नव्हतं. अळी चोर होतीच. पण त्या बागेतली मोठी चोरी तिने केली नव्हती. त्या झाडांच्या फांद्या शेजारच्या वसाहतीच्या झाडांना भिडल्या होत्या आणि रोज लढाई चालू होती. झाडाखाली मेलेल्या मुंग्यांचा सडा पडला होता, मी शिडीवर असल्यामुळे तो पाहिला नाही.

म्हणून पहिलं काम: खाली पाहा. बुंध्याजवळ, फांद्या एकमेकांना टेकतात तिथे, मुंग्या जोडीजोडीने एकमेकींना ताणून धरलेल्या दिसतात का? दोन झाडांवरच्या मुंग्या एका वसाहतीच्या की वेगळ्या, हे कळायला सोपा उपाय आहे. एका झाडावरच्या चार-पाच मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या झाडावर सोडा. मिशा लावून पुढे गेल्या तर घरच्या. लगेच धरपकड झाली तर परक्या. परक्या असतील तर दोन्ही वसाहतींच्या सीमेवरच्या टेकणाऱ्या फांद्या छाटून टाका. फुलोऱ्याच्या आत हे काम करून ठेवलं की हंगामात मुंग्यांचं बळ लढाईत वाया जात नाही. नेमका मुंग्यांची सर्वांत जास्त गरज असते त्या काळात बरेच जण हे विसरतात.

दुसरं, जमिनीवरच्या इतर मुंग्या. मोठ्या डोक्याची मुंगी, फायडोल मेगासेफाला, ही विणकर मुंगीची हाडवैरी. झांजिबारच्या नारळबागांत विणकर मुंग्या फळं वाचवतात आणि ही त्यांना हुसकावते, हे तिथल्या अभ्यासात फार पूर्वीच दिसलं. बुंध्यापाशी बारीक तपकिरी मुंग्यांची गर्दी आणि विणकर मुंग्या फक्त वरच्या शेंड्यात अडकलेल्या, असं चित्र असेल तर तुमचा प्रश्न तिथे आहे.

तिसरं, औषध. बागेत कुणी, अगदी शेजारच्या प्लॉटवर, सरसकट मारणारं कीटकनाशक फवारलं का ते विचारा. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण वाढला म्हणून फवारणी झाली असेल तर त्याला पर्याय आहेत. विणकर मुंग्या गोड स्रावासाठी या किडी राखतात, हा त्यांचा खरा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी फक्त लागण झालेल्या फांद्यांवर पोटॅशियम साबणाचं पाणी किंवा बागायती तेल मारावं, सगळ्या झाडावर नाही. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आंबा-काजू बागांत रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन या संशोधकांनी वर्षानुवर्षं याच धर्तीवर काम केलं: वसाहती वेगळ्या ठेवायच्या, सौम्य औषधं गरजेपुरती, बाकी तुडतुडे, फुलकिडे, काजूवरचा ढेकण्या यांचा बंदोबस्त मुंग्यांवर सोपवायचा. कल्पना काही नवी नाही. चीनमध्ये जी हान याच्या नावावरच्या, इ.स. 304 च्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात संत्र्याच्या झाडांसाठी मुंग्यांची घरटी पिशवीत घालून बाजारात विकत असल्याची नोंद आहे. त्या पिशव्यांतून या अळ्याही विकल्या गेल्या असतील का, असा चाळा माझ्या मनाला अधूनमधून लागतो.

‘वर्दळ कमी वाटली’ या शब्दांवर विसंबू नका, मोजा. प्रत्येक झाडाच्या मुख्य फांद्या मोजा. ज्या फांदीवर दहाहून जास्त मुंग्या ये-जा करताना दिसतात तिला एक गुण, एक ते दहा दिसल्या तर अर्धा, काहीच नसेल तर शून्य. बेरजेला फांद्यांच्या संख्येने भागा. सकाळी ऊन चढण्याआधी, दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळेला. निम्म्याच्या वर राहिलं तर मी निवांत असतो. सलग दोन-तीन मोजण्यांत खाली घसरलं तर वरची तीन कारणं क्रमाने तपासतो. थंडीत किंवा कोवळी पालवी नसताना आकडा आपोआप थोडा उतरतो, तेवढ्याने घाबरायचं नाही. हे मोजायला घरटं उघडावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

अळी दिसलेलं घरटं काढूनच टाकायचं असा तुमचा हट्ट असेल, तर अट एकच: जुनं, पानं वाळून तपकिरी पडलेलं, खालच्या फांदीवरचं घरटं असेल तर काढा. मुंग्या तशीही ती सोडून हिरव्या पानांत नवी बांधत असतात. हिरवं, घट्ट, शेंड्याकडचं घरटं कोणत्याही कारणाने कापू नका. दक्षिण थायलंडमध्ये लोक मुंग्यांच्या पिल्लांबरोबर या अळ्याही काढून खातात; तिथे घरटी उघडणं हा ठरलेला उद्योग आहे. तुमचा उद्देश मुंग्या वाढवण्याचा आहे.

राहिली बरणीतली अळी. बरणी हलकेच तिरपी करून पाहा. अळी सरकत असेल, कड काचेला घट्ट धरत असेल तर ती अजून खाती आहे आणि मुंग्यांच्या पिल्लांशिवाय बरणीत ती उपाशी मरेल. संध्याकाळी, ज्या झाडावरून आणली त्याच झाडावर, घरट्याजवळच्या फांदीवर सोडा. काचेवरून ओरबाडून काढू नका. कडेखाली पातळ पान हळूहळू सरकवत न्या, ती पानावर येईल, मग पानासकट फांदीवर टेकवा. पाठ वर, पोट खाली. फांदीला धरेपर्यंत हात काढू नका. एकदा पकड बसली की मुंग्या येऊन तपासतील, चावतील, आणि निघून जातील.

ती हलत नसेल, रंग गडद झाला असेल आणि कातडी बोटाने दाबल्यावर डबीसारखी कडक लागत असेल, तर आत कोष आहे. तसं असेल तर बरणीतच राहू द्या. झाकण काढून वर जाळीचं कापड बांधा, आत एक खडबडीत काटकी तळापासून तोंडापर्यंत तिरपी उभी करा, कारण बाहेर आल्या आल्या फुलपाखराला चढून लटकायला आधार लागतो. गुळगुळीत काचेवर ते घसरत राहतं आणि पंख वाकडेच वाळतात. साखरपाणी, फुलं काही ठेवू नका. बरणीच्या तळाशी एके दिवशी पांढऱ्या खवल्यांची पूड सांडलेली दिसेल. त्या दिवशी अंधार पडायच्या आत कापड सोडा.